जुन्या झेनवर रंग बदलणारा पेंट मारायचाय, मुंबईत हे काम नीट होईल का?

झेनवाला_मुलुंड

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितोय. घरी २००४ ची मारुती झेन आहे, पेट्रोल, बाबांनी नवीन घेतलेली. इंजिन आजही मख्खन चालतं पण रंगाची पार वाट लागलीये. सिल्व्हर कलर आहे, छतावर आणि बॉनेटवर क्लिअर, म्हणजे वरचा पारदर्शक थर, सोलून पांढरे चट्टे पडलेत, मागच्या दाराच्या खालच्या कडेला गंज आहे आणि पुढच्या बंपरवर रिक्षा घासून गेल्याच्या खुणा आहेत. गाडी विकायची नाही हे घरात ठरलंय. मग पूर्ण रीपेंट करायचाच आहे तर मला तो रंग बदलणारा पेंट मारायचाय, समोरून हिरवा दिसतो आणि तिरकं बघितलं की निळा-जांभळा होतो तो. लहानपणापासून डोक्यात आहे, एकदा तरी असा रंग आपल्या गाडीवर बघायचाय.

सीएसटी रोडला आणि ऑपेरा हाऊसला चौकशी करून आलो. एक जण म्हणाला पावडर तू ऑनलाइन मागव, आम्ही क्लिअरमध्ये घालून आहे त्या सिल्व्हरवरच मारून देतो, दोन दिवसांत गाडी घेऊन जा. दुसऱ्याने नुसतं नाव ऐकूनच नाही म्हटलं, म्हणे नंतर कम्प्लेंट येते. रॅप कर, म्हणजे रंगाऐवजी फिल्म चिकटव, असं सांगणारेही भेटले. आणि एका मित्राकडे २ एचपीचा कॉम्प्रेसर आहे, तो म्हणतो आपणच सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये रविवारी मारू.

तर सिल्व्हरवर डायरेक्ट चालेल का, बेसमेंटमध्ये जमेल का, आरटीओची काय भानगड असते आणि उद्या कोणी दाराला घासलं तर तेवढाच भाग रंगवता येतो का? ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा, घाई अजिबात नाही.


कलिना_गनवाला

मी कलिन्यात गाड्या रंगवायचं काम करतो, असे रंगही मारलेत, म्हणून सगळं सांगतो. लांबलचक होईल, पण नीट वाच.

सिल्व्हरवर डायरेक्ट अजिबात मारायचा नाही. हा रंग अर्धा पारदर्शक असतो, त्याच्याखाली काय आहे त्यावर तो दिसणार का नाही ते ठरतं. खाली काळा असेल तर आरपार गेलेला उजेड काळ्यात मरतो आणि वर फक्त तो हिरवा-जांभळा उरतो. खाली सिल्व्हर किंवा पांढरा असेल तर खालूनही उजेड परत येतो आणि सगळा रंग धुतल्यासारखा होतो, नुसती चमकी लावल्यासारखी गाडी दिसते. तुला दोन दिवसांत देतो म्हणणाऱ्याकडे तेच होणार.

आता तुझ्या गाडीला आधी काय लागेल ते बघ. क्लिअर सोललंय म्हणजे छत आणि बॉनेट पूर्ण घासून काढावं लागेल, कडा नुसत्या मऊ करून भागणार नाही, सोलणाऱ्या कडेवर नवीन रंग चढवला की तोही तिथूनच उठतो. गंज पत्र्यापर्यंत साफ करायचा, भोक पडलं असेल तर टिंकरकडून, म्हणजे पत्र्याचं काम करणाऱ्याकडून, तुकडा लावून घ्यायचा, पुट्टीने भोक बुजवायचं नाही कारण पुट्टी पाणी पिते आणि पुढच्या पावसाळ्यात तिथेच फुगा येतो. आणि एक गोष्ट बरेच जण करत नाहीत, घासायला घ्यायच्या आधी गाडी साबणपाण्याने स्वच्छ धुवायची, मगच डीग्रीझर. आपल्याकडे समुद्राची हवा आहे, पत्र्यावर बारीक मीठ बसलेलं असतं आणि डीग्रीझर तेल-मेण काढतो, मीठ काढत नाही, ते पाण्यानेच जातं. ते राहिलं की रंगाखाली बारीक फोड येतात आणि मग लोक पेंटला दोष देत बसतात.

मग टू-के (हार्डनर मिसळून मारायचा) सर्फेसर, म्हणजे घासून सपाट करायचा प्रायमर, पूर्ण वाळू द्यायचा, नंतर ६०० आणि ८०० चा वॉटर पेपर. इथे वेळ घालव. साधा पांढरा रंग असेल तर बारीक लाटा लपतात, पण हा रंग अँगलवर चालतो, पत्रा जरा खालीवर असला तरी तिथे वेगळा रंग दिसतो. दारावरचा छोटासा डेंट हिरव्यामध्ये जांभळ्या डागासारखा उठून दिसेल. म्हणून सर्फेसर घासून झाल्यावर गाडी उजेडात उभी करून बाजूने डोळा लावून बघायची, हात फिरवून बघायची, जिथे शंका येईल तिथे परत घासायचं.

त्याच्यावर काळा बेस, एकसारखा, धूळ नाही, ओघळ नाही. काळ्यात जो दोष राहील तो शेवटपर्यंत राहणार.

मग मुख्य रंग. १.३ किंवा १.४ चं नोझल, गन पत्र्यापासून ६ ते ८ इंच, एचव्हीएलपी (कमी प्रेशरने जास्त हवा सोडणारी) गन असेल तर ट्रिगर दाबलेला असताना प्रेशर २५ ते २९ पीएसआयच्या आसपास. पातळ कोट मारायचे, ओला कोट मारायचाच नाही. साध्या रंगाला अर्धा पट्टा अर्ध्यावर चढवतात, इथे पाऊण पट्टा आधीच्या पट्ट्यावर चढला पाहिजे, नाहीतर दाराला आडव्या रेघा दिसतात आणि त्या क्लिअर मारल्यावर जास्त उठतात. एक कोट आडवा, पुढचा उभा. प्रत्येक कोटनंतर पूर्ण मॅट होईपर्यंत थांबायचं. सगळ्यात शेवटी गन थोडी लांब घेऊन, प्रेशर जरा कमी करून एक हलका कोट सगळीकडे उडवायचा, त्याने रंगातली चमकणारी बारीक चकती सगळीकडे सारखी बसते आणि पट्टे विरतात. या रंगावर पेपर मारायचा नाही. मधे धुळीचा कण बसला म्हणून पेपर फिरवलास तर तेवढ्या जागी काळपट डाग पडतो, मग तिथे परत कोट मारून सारखं करत बसावं लागतं. धुळीसाठी फक्त टॅक क्लॉथ, म्हणजे धूळ टिपणारं चिकट कापड, तेही अलगद.

क्लिअरचा पहिला कोट मध्यम, एकदम ओला नको, कारण क्लिअरमधल्या सॉल्व्हंटने खालचा रंग परत सैल होतो आणि चकत्या हलतात. दुसरा कोट ओला. पूर्ण वाळल्यावर १५००, २००० ने पाणी पेपर आणि बफिंग.

आणि किती कोट लागतील ते कोणाला विचारू नको, नमुना मारून बघ. एखादं जुनं भंगारातलं मडगार्ड घे, गोलाई असलेलं, ते काळं कर, मास्किंग टेपने पट्टे पाडून एका पट्ट्याला दोन, पुढच्याला तीन, चार, पाच असे कोट मार, वर क्लिअर मार आणि उन्हात नेऊन बघ. ज्या पट्ट्यापुढे फरक दिसायचा थांबतो तेवढे कोट गाडीला.

बेसमेंटचं उत्तर वेगळं लिहितो, त्यात जास्त महत्त्वाचं आहे.


कलिना_गनवाला

बेसमेंटमध्ये मारू नकोस. धूळ येईल, शेजाऱ्यांच्या गाड्यांवर फवारा बसेल, हे सगळं आहेच, पण माझं म्हणणं त्यासाठी नाही.

टू-के क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते श्वासात गेलं की दमा लागू शकतो, आणि एकदा शरीराने त्याची ॲलर्जी धरली की नंतर अगदी थोड्या वासानेही छाती भरते, माणसाला हे काम कायमचं सोडावं लागतं. आमच्या धंद्यात रुमाल बांधून क्लिअर मारणारी पोरं मी बघितलीत आणि त्यातली काही आज गन धरू शकत नाहीत. रुमाल काही अडवत नाही, कोविडवाला मास्कही नाही. बाहेरून पाइपने ताजी हवा देणारा मास्क सगळ्यात चांगला, तो नसेल तर किमान ऑरगॅनिक व्हेपरचे (थिनरसारखी वाफ अडवणारे) कार्ट्रिज लावलेला आणि पुढे धुक्याचा फिल्टर असलेला, तोंडाला घट्ट बसणारा मास्क, कार्ट्रिज नवीन. दाढी असेल तर तो घट्ट बसत नाही. डोळे झाकायचे, हातमोजे, पूर्ण बाह्या. वास येत नाही म्हणजे आयसोसायनेट नाही असं समजू नको, वास यायच्या आधीच ते नुकसान करण्याइतकं हवेत असू शकतं. आता हे सगळं तू घातलंस तरी बेसमेंटमध्ये ती हवा जाणार कुठे? लिफ्टच्या डक्टमधून वर घरात. तिथे वॉचमन बसतो, मुलं सायकल घ्यायला येतात. शिवाय थिनरची वाफ जमिनीलगत साठते आणि पार्किंगमध्ये पंपाची, लिफ्टची स्विचं असतात.

शिवाय २ एचपीचा कॉम्प्रेसर या गनला पुरत नाही. तो अखंड चालू राहतो, तापतो, गरम हवेतलं पाणी पुढे नळीत थंड होऊन थेंब बनतं आणि ते थेट रंगात. मुंबईची हवा तशीच दमट. गॅरेजवाल्याकडे जाशील तेव्हा टँकचं पाणी सोडतात का, नळीच्या गनकडच्या टोकाला पाणी अडवणारा वॉटर ट्रॅप आहे का, एवढं बघ. नसेल तर दुसरीकडे जा.

सर्फेसर घासायचं काम मात्र तू आणि मित्र घरी आरामात करू शकता, पाण्याने घासायचं, म्हणजे धूळ उडत नाही. त्यात पैसेही बरेच वाचतात कारण मजुरी तिथेच जास्त जाते.


रंगलॅब_ठाणे

कलिना दादांनी मारायचं सगळं सांगितलंच आहे, मी डबीच्या आतलं सांगते, कोटिंगच्या लॅबमध्ये काम करते त्यामुळे हा माझा आवडीचा विषय आहे.

खिशातली ५०० ची नोट काढ आणि तिचा सुरक्षा धागा तिरका करून बघ, हिरव्याचा निळा होतो. तुला गाडीवर जे हवंय त्याचं तत्त्व तेच. रंगद्रव्य स्वतः हिरवं किंवा निळं नसतंच. अस्सल प्रकारातली चकती अशी असते की मधे ॲल्युमिनियमचा आरसा, त्याच्या दोन्ही बाजूंना मॅग्नेशियम फ्लोराइडचा पारदर्शक थर आणि सगळ्यात बाहेर क्रोमियमचा इतका पातळ थर की अर्धा उजेड आत जातो. असे पाच थर आणि सगळी मिळून जाडी साधारण १ मायक्रॉन. थोडा उजेड बाहेरच्या क्रोमियमवरून परत येतो, थोडा आतल्या आरशावरून, आणि दोन्ही एकमेकांत मिसळताना काही रंग वाढतात, काही मरतात. तू तिरका झालास की आतल्या उजेडाचं गणित बदलतं आणि वाढणारा रंग साधारणपणे कमी तरंगलांबीकडे सरकतो, म्हणून हिरव्याचा निळा आणि पुढे जांभळा. पावसाळ्यात रस्त्यावरच्या पाण्यावर तेलाचा तवंग रंगीत दिसतो तोही याच कारणाने.

बाजारात पावडर दोन जातीची मिळते. एक ही धातूची, क्रोमाफ्लेअर नावाने ओळखली जाते त्या पद्धतीची, महाग असते, आरसा आत असल्यामुळे झाकतेही बरी आणि रंगाची उडी मोठी असते. दुसरी अभ्रकावर किंवा तसल्याच पारदर्शक चकतीवर टायटॅनियम डायऑक्साइड वगैरेचे थर दिलेली, ती स्वस्त, पारदर्शक, तिला काळा बेस नसेल तर काहीच दिसत नाही. ऑनलाइन कमेलियन नावाने स्वस्तात जे येतं ते बहुतेक दुसरं. ते वाईट असतं असं मी म्हणणार नाही, काळ्यावर नीट मारलं तर छान दिसतं, पण घेताना आपण काय घेतोय हे माहीत असावं. पावडर घेत असशील तर साधारण लिटरला २५ ग्रॅमच्या आसपास धरतात, पण विकणाऱ्याच्या शीटवरचं प्रमाण पाळ आणि जास्त घालू नको. जास्त झालं की चकत्या एकमेकींवर उभ्या-आडव्या पडतात आणि शिफ्ट, म्हणजे रंग बदलणं, उलट मरतो.

दादा सारखे पातळ कोट म्हणतायत त्यामागचं कारणही हेच. सगळ्या चकत्या पत्र्याला समांतर आडव्या पडल्या तरच सगळ्या मिळून एकच रंग दाखवतात. थर सुकताना आकसतो आणि चकत्यांना खाली दाबून झोपवतो. जाड ओला कोट असेल तर त्या आतल्या आत तरंगत वळतात आणि ढगाळ डाग पडतात. मुंबईत नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे काम करायला सगळ्यात बरे दिवस. पावसाळ्यात सॉल्व्हंट उडताना पत्रा थंड होतो आणि हवेतलं पाणी त्याच्यावर बसायला लागतं. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर असावं हा आमच्याकडचा नियम, आणि जुलैच्या संध्याकाळी उघड्या गॅरेजमध्ये तो पाळणं कठीण जातं.

तुझी गाडी झेन आहे याचा मला खरंच आनंद झाला. सपाट दारांच्या चौकोनी गाडीवर एका वेळी एकच रंग दिसतो, झेन सगळीकडून गोल आहे, तिच्या एकाच बॉनेटवर हिरवा, निळा, जांभळा तिन्ही एकदम उतरतील, पैठणीच्या धूपछाव पदरासारखे. जगात हा रंग ज्या गाड्यांनी गाजवला त्या सांगते, १९९६ ची फोर्डची मस्टँग कोब्रा मिस्टिक कलरमध्ये आली, मग निस्सानच्या आर ३४ स्कायलाइन जीटीआरचे मिडनाइट पर्पल २ आणि ३, आणि २००४ ला परत मस्टँग कोब्रा मिस्टिक्रोममध्ये, त्यात तर सीटच्या लेदरलाही रंग बदलणारं फिनिश होतं.

नमुना बघताना उन्हात बघ, ढगाळ उजेडात बघ, आणि पांढऱ्या एलईडीखाली बघ. जुन्या पिवळ्या सोडियम दिव्याखाली जवळजवळ काहीच दिसणार नाही, त्या उजेडात निळा-हिरवा फारच कमी असतो, तर चकती परत काय पाठवणार.


रॅप_घोडबंदर

रॅपचं नाव निघालंय म्हणून दोन शब्द. माझं काम रॅपचंच आहे, तरी या गाडीला मी रॅप सुचवणार नाही. फिल्मला खाली मजबूत पेंट लागतो. तुझं क्लिअर सोललंय, त्यावर फिल्म धरणार नाही आणि काढताना उरलंसुरलं क्लिअर घेऊन येईल. म्हणजे आधी घासून सर्फेसर, बेस, क्लिअर सगळं करायचं आणि वर फिल्म, दोन्हीचे पैसे. गाडीचा मूळ पेंट शाबूत असेल, काही वर्षांनी परत मूळ रंगावर यायचं असेल, तर रॅप उत्तम.

ज्यांचं पेंट चांगलं आहे आणि हे वाचून रॅप करणार आहेत त्यांच्यासाठी, रंग बदलणाऱ्या फिल्मला दिशा असते. सगळे पॅनल रोलच्या एकाच दिशेने कापून लावले पाहिजेत, नाहीतर दार आणि फेंडर दोन वेगळ्या रंगांचे दिसतात. फिल्म वाचवायला आडवा तुकडा काढणारे असतात, आधीच विचारून घ्या. आणि छत, बॉनेट यांच्यावरची फिल्म बाजूच्या पॅनलपेक्षा लवकर खराब होते, दिवसभर उन्हात उभी राहणारी गाडी असेल तर जास्तच.


वडाळा_एमएच०३

आरटीओचं मी सांगतो. मुलुंड म्हणजे तू एमएच ०३, वडाळ्याचं आरटीओ.

आरसीवर रंगाचा रकाना आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांविषयी तरतूद आहे आणि आरसीवरचा तपशील बदलत असेल तर ते आरटीओला कळवून नोंद करून घ्यायची असते. रंग मारून झाल्यावर बघू असं करू नको, आधी जाऊन अर्ज, कागद काय लागतील ते विचारून ये आणि रंग कोणता लिहायचा तेही तिथेच बोल. आरसीवर एक रंग लिहिलेला असतो, म्हणून समोरून सरळ बघितल्यावर जो मुख्य रंग दिसतो तो सांगायचा, तुझ्या केसमध्ये हिरवा. नमुन्याचं मडगार्ड किंवा त्याचे दोन अँगलचे फोटो बरोबर ने, समजावायला सोपं जातं. गाडीवर जुनं लोन असेल आणि आरसीवर बँकेचं नाव अजून असेल तर आधी ते काढून घे, २००४ च्या गाडीवर अशा विसरलेल्या नोंदी खूप सापडतात, आणि नाव तसंच राहिलं तर बँकेची संमती लागते.

हिरवा म्हणतोयस म्हणून सांगतो, ऑलिव्ह ग्रीन घेऊ नको. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १२१ व्या नियमाप्रमाणे तो रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठीच राखलेला आहे. तुझा चमकणारा हिरवा वेगळा, पण अंधुक उजेडात मातकट हिरवा दिसेल अशी शेड निवडायचीच कशाला.

२००४ ची गाडी म्हणजे १५ वर्षं २०१९ ला झाली, नंतर दर पाच वर्षांनी रिन्यूअल. तेव्हा तपासणीला गाडी नेतात आणि आरसीवर सिल्व्हर, समोर हिरवी-जांभळी गाडी असं असेल तर गाडी परत पाठवतील. नाकाबंदीतही हाच प्रश्न, हवालदाराच्या हातात आरसी आणि समोर दुसराच रंग, तो थांबवणारच आणि त्याचं काही चुकलं नाही. इन्शुरन्स कंपनीलाही लेखी कळव आणि महागडा पेंट केलाय हे सांगून त्याचं काय कव्हर होतं ते लेखी घे. क्लेमच्या वेळी साध्या सिल्व्हरच्या हिशेबाने पैसे मिळाले की लोकांना धक्का बसतो.


झेनवाला_मुलुंड

मंडळी, इतकं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. बेसमेंटचा विषय बंद, मित्रालाही गनवाला दादांची पोस्ट दाखवली, तो पण हादरलाय. घासायचं काम आम्ही करणार. बाबांना धूपछाव पदराचं वाचून दाखवलं तेव्हा आई आतून म्हणाली मग हिरवा-जांभळाच करा, त्यामुळे घरातून पास झालंय. पावसाळ्यानंतर करू असं ठरवतोय.

ताई, पावडरपेक्षा तयार रंग घ्यावा का? आणि दादा, ते घासल्यावर तेवढाच भाग रंगवायचं राहिलं. आमच्या गल्लीत टेम्पो, रिक्षा सगळे चिकटून जातात, वर्षात एक तरी ओरखडा ठरलेला आहे. तेव्हा काय करायचं?


कलिना_गनवाला

तोच या रंगाचा सगळ्यात मोठा खर्च आहे, मारतानाचा नाही. म्हणून ते मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

तेवढाच भाग होत नाही. क्लिअरमध्येच असलेला हलका ओरखडा असेल, नख अडकत नसेल, तर पॉलिशने जातो, म्हणून क्लिअर चांगल्या प्रतीचं आणि पुरेसं जाड मार, त्यात पैसे वाचवू नको. पण ओरखडा रंगापर्यंत गेला तर पूर्ण पॅनल काळ्यापासून परत करायचा आणि शेजारच्या पॅनलवर रंग विरत न्यायचा. म्हणजे पुढच्या दाराला लागलं तर दार पूर्ण, फेंडर आणि मागच्या दाराच्या काही भागावर रंगाची छटा आणि तिन्हींना अखंड क्लिअर. साध्या रंगाला कॉम्प्युटरवर मॅच काढता येतो, इथे नुसता रंग जुळून भागत नाही, कोट किती, गन किती लांब होती, हाताचा वेग काय होता, सगळं जुळावं लागतं. म्हणून ज्याने पहिल्यांदा मारला त्याच्याकडेच दुरुस्ती कर, आणि त्याच्याकडून गन, नोझल, प्रेशर, कोट हे सगळं कागदावर लिहून घे. गाडीच्या कागदांबरोबर ठेव.

तुझ्या गल्लीचा विचार केला तर माझा सल्ला असा आहे, दोन्ही बंपर आणि दारांच्या खालचा पट्टा साध्या ग्लॉस काळ्यात ठेव. झेनला ते शोभतं, काळा बेस तसाही मारायचाच आहे, आणि मुंबईत घासतं ते बहुतेक तिथेच. काळा कधीही, कोणाकडेही परत मारता येतो. वर रंग बदलणारा भाग सुरक्षित राहतो. बंपर प्लास्टिकचे आहेत हेही एक कारण, त्यांना वेगळा प्रायमर लागतो आणि पत्र्यापेक्षा त्यांच्यावर चकती जरा वेगळी बसल्यासारखी दिसते, बंपर आणि फेंडरमधला फरक या रंगात फार डोळ्यात येतो.

आणखी एक. गॅरेजवाला म्हणेल दारं काढून टेबलवर आडवी ठेवून मारतो, सोपं जातं. आतल्या कडा तशा मारू दे. पण बाहेरची बाजू मारताना दारं गाडीला लावलेली किंवा लावल्यासारखी उभी टांगलेली हवीत, सगळी गाडी एकाच माणसाने, एकाच गनने, एकाच दिवशी. आडव्या पत्र्यावर चकती वेगळी बसते आणि दारं लावल्यावर कळतं की ती दुसऱ्या गाडीची वाटतायत. पेट्रोलच्या झाकणाचंही तेच, ते विसरतात आणि मग एकटंच वेगळं दिसत राहतं.


रंगलॅब_ठाणे

बंपर काळे ठेवायची कल्पना मला फार पटली.

तयार रंगाबद्दल, परवडत असेल तर तयारच घे. पावडर ढवळून नीट पसरवणं हे वाटतं तितकं सोपं नाही. गुठळी राहिली तर गाडीवर ठिपका दिसतो, आणि मिक्सरवर जोरात फिरवलं तर चकत्याच तुटतात, तुटलेली चकती चमकत नाही. पावडरच घेतलीस तर सांगते, आधी थोड्या थिनरमध्ये भिजवून हाताने हळू ढवळायची, मग बेसच्या बाइंडरमध्ये (चकत्या धरून ठेवणाऱ्या पारदर्शक रंगात), मग गाळणीतून. गनच्या कपातही दर काही मिनिटांनी ढवळायचं, चकत्या जड असतात, खाली बसतात, मग एका दाराला कमी आणि दुसऱ्याला जास्त जातात.

पूर्ण गाडीला लागेल तेवढा सगळा रंग एकाच बॅचचा घे आणि सगळे डबे आधी एका मोठ्या भांड्यात एकत्र करून घे. झेनएवढ्या गाडीला थिनर घालून तयार केलेला मुख्य रंग २ ते ३ लिटरच्या आसपास लागेल, नेमका आकडा तुझ्या नमुन्यातल्या कोटांवरून ठरेल. दुरुस्तीसाठी अर्धा लिटर वेगळा काढून ठेव, थिनर आणि हार्डनर न घातलेला, छोट्या डब्यात काठोकाठ भरून, म्हणजे आत हवा कमी राहते. डब्यावर बॅच नंबर आणि तारीख लिही, घराच्या आत थंड जागी ठेव, गाडीच्या डिकीत नको. दर काही महिन्यांनी डबा उलटा करून ठेवायचा म्हणजे तळाला घट्ट गोळा बसत नाही.


कलिना_गनवाला

बरोबर, आणि तो डबा दुरुस्तीला नेशील तेव्हा नमुन्याचं मडगार्डही घेऊन जा. पेंटर आधी त्याच्यावर मारून जुन्या पट्ट्याशी जुळवून बघेल, मगच दाराला हात लावेल.

गणपती झाले की सर्फेसरची तयारी सुरू कर. घासून झालं की फोटो टाक, बाजूने, दाराच्या लेव्हलला कॅमेरा धरून, सकाळच्या उजेडात. लाट असेल तर तिथेच सांगतो, काळा मारायच्या आधी.